अडीच सूत

हर्णैहून नौशादभाईचा फोन येतो
पहाटे, ओहोटी लागली की.
मागं इंजिनाची धडधड, वारा,
आणि अर्धे शब्द गिळणारं काहीतरी.
मी पैठणात, खरादीपाशी,
भुवयांवर पांगाऱ्याचा भुसा.

"मागचा पॉपर हवेत गिरक्या घेतो, दादा.
तोंडाची वाटी खोल करा,
वजन शेपटाकडं सरकवा.
समोरून वारा आला तरी लांब गेला पाहिजे."

तीस वर्षं मी बाजेचे पाय कातले,
लाटणी, पाळण्याचे खुंट.
एवढं लांब जाणारं
काही मागितलं नव्हतं कुणी.

शिसं खाजामियाच्या टायरच्या दुकानातून,
चाकांना लावतात ते.
डोळे म्हणजे बायकोच्या टिकल्या, तीन नंबरच्या.
पोटाला गोळ्यांच्या पाकिटाची चांदी.
शेजारच्या मागाखाली पडलेली तुटकी जर
मागच्या गळाला बांधतो, बोटभर,
पाण्यात ती जिवंत होते म्हणे.

रंगाचं मात्र डोकं त्याचं.
खाडीचं पाणी गढूळ, तर पोपटी.
खडकापाशी नितळ, तर पाठ निळी, पोट पांढरं.
दिवस बुडताना काळा.

काळा? अंधारात काळा दिसंल कसा?

"तो खालनं बघतो, दादा.
वर उजेड शिल्लक असतो अजून."

त्या दिवशी दुसरं काम झालं नाही.
जेवताना दोनदा
मी छताकडं बघितलं.

नाथसागरात चाचणी घेतली,
तर पॉपर बसला नीट, नाकापर्यंत बुडून.
तिकडं गेला अन् तरंगला बुचासारखा.
खारं पाणी लाकडाला उचलून धरतं,
हे मला साठाव्या वर्षी कळलं.

मग किराणावाल्याकडून खडेमीठ, चार किलो.
"लोणचं घालता का, जनार्दनराव?"
हाळात ओतलं, लिटरमागं मूठभर,
काठीनं ढवळलं, तर
म्हशीनं तोंड घातलं, अन् हटेना.
बायको ओट्यावरून म्हणाली,
समुद्र आणलाय तर आता सांभाळा त्याला.

म्हैस बांधली. मग बसलो
हाळाच्या काठावर, वेळूचा तुकडा घेऊन.
झटका. थांब.
झटका, झटका. थांब.
वाटीत हवा भरते, बुडकन् आवाज होतो.
"थांबण्यातच मासा येतो," नौशादभाई सांगतो,
"नवी पोरं थांबत नाहीत."
मी थांबलो.
हाळात मीठ, आभाळ अन् एक गवताची काडी.
शिशाचा आणखी एक थेंब लागेल,
पोटाशी, मधल्या कडीच्या पुढं.

सतरा तारखेला पार्सल आलं.
मीच कातलेला काळा, परत.
मधला गळ सरळ झालेला, खिळ्यासारखा,
एक टिकली गायब,
अन् पाठीवर दातांची रांग.

फोन लावला. कोणता होता?
"दिसला नाही, दादा.
दोरीनं बोट कापलं, मग एकदम हलकं झालं सगळं.
तांब असेल. कोकर असेल.
तुम्ही एवढं बुजवून द्या, लांबी, रंग,
हात चांगला आहे त्याला."

दोघांनीही बघितलेलं नाही.
बघितलं ते या लाकडानं.

लांबीचा डबा उघडला, परत झाकला.
कंपास लावला, पट्टीवर धरला.
दोन दातांत अडीच सूत.
चावा शेपटावर नाही, मानेखाली,
म्हणजे डोकं धरायला आला होता तो,
थांबलेल्याचं.

वहीत लिहिलं: मधली कडी पाव इंच पुढं.
गळ जाड. 
डोळा एकच पुरतो.

नौशादभाईला नवा पाठवला, त्याच मापाचा.
जुना खरादीच्या वर, खिळ्याला.
हाळ दोनदा धुतला,
तरी म्हैस काठ चाटत राहते.